रन बटणाच्या आत काय चालतं? बिल्ड, डीबगर आणि बाकीची अवजारं

रानवाट

नव्याने प्रोग्रामिंगला लागलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एडिटर कोणता घेऊ? व्हीएस कोड, इंटेलिजे, विम, ईमॅक्स, ज्याचा त्याचा आग्रह वेगळा. माझ्या मते सगळ्या निर्णयांतला हा सगळ्यात सोपा. नाही आवडला एडिटर तर बदलता येतो, कोडला त्याची खबरही लागत नाही. खरी अडचण पुढे येते. 'रन'चं हिरवं बटण दाबलं की प्रोग्राम चालतो एवढंच माहीत असतं, आणि ज्या दिवशी तो चालत नाही त्या दिवशी कुठून सुरुवात करावी ते सुचत नाही. बटण आणि चालता प्रोग्राम यांच्यामध्ये चार-पाच वेगवेगळी अवजारं काम करत असतात. त्यातलं नक्की कोण तक्रार करतंय हेच कळत नाही.

म्हणून हा धागा काढतोय. एकदा तरी ते बटण बाजूला ठेवा आणि टर्मिनलमध्ये हाताने बिल्ड करून, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बांधून, बघा. सी भाषेतला पाच ओळींचा प्रोग्राम पुरे. जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरला (कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) 'सेव्ह-टेम्प्स' हा पर्याय द्यायचा. एरवी मधल्या फाइली पुसल्या जातात, या पर्यायाने त्या जागेवर राहतात. पहिली डॉट-आय: प्रीप्रोसेसरने (कंपाइलच्या आधीची पायरी) सगळे हेडर, म्हणजे फंक्शनच्या ओळखी लिहिलेल्या फाइली, आत ओतलेले आणि तुमच्या पाच ओळी शेकडो ओळींच्या तळाशी जाऊन बसलेल्या. दुसरी डॉट-एस: असेंब्ली, थोड्या सवयीने वाचता येते. तिसरी डॉट-ओ: यंत्राच्या भाषेतली ऑब्जेक्ट फाइल, पण अजून अर्धवट, कारण 'प्रिंटएफ' हे छापणारं फंक्शन कुठे आहे याचा तिला पत्ता नाही. तो पत्ता भरायचं काम शेवटी लिंकर करतो.

हे डोळ्यांनी पाहिलं की एरर वाचण्याची पद्धतच बदलते. कंपायलर एका वेळी एकच फाइल बघतो. हेडरमध्ये फंक्शनचं नाव आणि त्याला काय द्यायचं, ते काय परत करणार एवढं सापडलं की त्याचं समाधान होतं. फंक्शन खरोखर कुठे लिहिलेलं आहे का, हे तो विचारत नाही. ते विचारतो लिंकर. त्यामुळे 'अनडिफाइन्ड रेफरन्स' दिसलं की हेडर जोडत बसण्यात अर्थ नाही. एक तर ती ऑब्जेक्ट फाइल किंवा लायब्ररी लिंकरला दिलेली नाही, किंवा नाव जुळत नाही. सी++मध्ये नाव न जुळण्याचं कारण बहुधा वेगळं असतं: कंपायलर फंक्शनच्या नावात पॅरामीटरचे प्रकारही गुंफतो, आणि सीमध्ये कंपाइल केलेल्या लायब्ररीत ते साधंच राहिलेलं असतं. 'एक्स्टर्न सी' लिहायचं ते यासाठी.

प्रत्येकाने आपापल्या कामातलं एखादं अवजार घेऊन लिहावं, जे शिकल्यावर डोळे उघडले असं. यादी नको, एकच, पण खोलात.

---

निळी शाई

वाचनखूण साठवली. मी अजून शिकतेय, म्हणून सांगण्याऐवजी विचारते.

वर्गमूळ काढणारा छोटा प्रोग्राम आहे. गणिताची लायब्ररी लिंक करण्यासाठी 'एल-एम' दिलंय, तरीही 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येतंय. आणि न समजणारी गोष्ट अशी की फंक्शनला थेट २ हा आकडा दिला तर काहीही न देता चालतं, पण वापरकर्त्याकडून आकडा घेऊन व्हेरिएबल दिलं की फुटतं. एकच फंक्शन एकदा सापडतं आणि एकदा सापडत नाही, असं कसं?

---

रानवाट

@निळी शाई, फार चांगला प्रश्न विचारलात, कारण यात दोन अवजारं एकमेकांत मिसळली आहेत.

थेट २ दिल्यावर कंपायलर स्वतःच उत्तर काढून तो आकडा लिहून टाकतो. फंक्शनला हाक मारलीच जात नाही, मग लिंकरला शोधायचंच काही उरत नाही. व्हेरिएबलच्या बाबतीत किंमत आधी माहीत नसते, म्हणून हाक तशीच राहते. दोन्हीच्या डॉट-एस फाइली शेजारी ठेवून बघा. एकीत 'कॉल'ची ओळ दिसेल, दुसरीत नसेल.

आता 'एल-एम' देऊनही का सापडत नाही? माझा अंदाज आहे की तुम्ही लायब्ररी आधी आणि तुमची फाइल नंतर लिहिली आहे. लिनक्सवरचा नेहमीचा लिंकर डावीकडून उजवीकडे जातो. लायब्ररीशी पोचला तेव्हा कुणालाच काही हवं नव्हतं, म्हणून ती ओलांडून पुढे गेला. मग तुमची फाइल आली, तिला वर्गमूळ हवं, पण तो मागे वळत नाही. लायब्ररी ओळीच्या शेवटी टाका.

---

निळी शाई

शेवटी टाकली, चाललं! डॉट-एस पण पाहिली. पहिलीत कॉल नाहीच, फक्त एक मोठा आकडा आहे. आता मेकफाइल शिकायची आहे. कुणी सांगेल का की मेक नक्की करतं काय? टॅबच्या जागी स्पेस दिली तर चिडतं एवढंच आतापर्यंत कळलंय.

---

कंसमुक्त

टॅबपासूनच सुरुवात करू. मेक हे स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्समध्ये १९७६ साली लिहिलं. आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा, हा नियम त्यांनाही लवकरच खटकला होता, पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांच्या फाइली मोडू नयेत म्हणून नियम तसाच ठेवला. त्या डझनभरांसाठी घेतलेला निर्णय आज जगभरचे विद्यार्थी निस्तरतायत. पण त्यापलीकडे मेकची मूळ कल्पना इतकी भक्कम आहे की २००३ मध्ये त्यांना त्यासाठी एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टम पुरस्कार मिळाला.

कल्पना अशी: कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे ते तुम्ही सांगायचं. मेक फाइलींची वेळ बघतं. मूळ फाइल बनलेल्या फाइलीपेक्षा नवी असेल तरच बनलेली फाइल पुन्हा बनवायची, नाहीतर हात लावायचा नाही. बस, एवढंच.

आता यातली मेख, जिच्यापायी मी अनेक टीम हैराण झालेल्या पाहिल्या आहेत. समजा एक हेडर आहे, त्यात एक स्ट्रक्ट, म्हणजे अनेक फील्डांचा गठ्ठा. दोन सी फाइली ते हेडर वापरतात. तुम्ही स्ट्रक्टच्या मधोमध एक नवं फील्ड घातलं आणि पहिल्या सी फाइलीतही बदल केला. मेकफाइलमध्ये लिहिलंय की डॉट-ओ ही डॉट-सीवर अवलंबून आहे, पण हेडरचा उल्लेखच नाही. मेक पहिली फाइल पुन्हा कंपाइल करतं, दुसरीला हात लावत नाही. लिंकर दोन्ही जोडतो, त्याला स्ट्रक्ट वगैरे काही कळत नाही, तो फक्त नावं जुळवतो. आता एकाच प्रोग्रामचे दोन भाग त्याच मेमरीकडे वेगवेगळ्या नकाशाने बघतायत. एक म्हणतो बाराव्या बाइटवर लांबी आहे, दुसरा म्हणतो तिथे पॉइंटर आहे. प्रोग्राम कुठेतरी भलत्याच जागी कोसळतो, आणि कोडमध्ये चूक शोधून सापडत नाही, कारण कोडमध्ये चूक नाहीच.

मग कुणीतरी अनुभवी माणूस 'मेक क्लीन कर' म्हणतो, सगळं पुन्हा बनतं, आजार जातो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. मला या सवयीचा राग येतो. क्लीन करून बरं वाटलं याचा अर्थच असा की बिल्डला एखादं अवलंबित्व माहीत नाही. ते शोधून लिहा. खरं तर हाताने लिहायचीही गरज नाही. जीसीसी आणि क्लँगला 'एम-एम-डी' पर्याय दिला की प्रत्येक सी फाइलीने कोणकोणते हेडर वापरले त्याची डॉट-डी फाइल कंपायलर स्वतः बनवतो, मेकच्याच भाषेत. ती मेकफाइलमध्ये 'इन्क्लूड' करायची. दोन ओळींचं काम.

सीमेक, निंजा, बेझल ही बिल्डची पुढची अवजारं हे जास्त नीट सांभाळतात. बेझल तर वेळेवर विसंबत नाही, फाइलीतल्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) बघतं, आणि न सांगितलेली फाइल वापरायला गेलात तर बहुतेक वेळा बिल्डच अडवतं. सुरुवातीला जाच वाटतो, पण मोठ्या कोडबेसमध्ये हाच जाच वाचवतो.

---

पानगळ

धागा छान आहे, पण मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. मी वेब ॲप्लिकेशन लिहिते. माझ्या कामात लिंकर नाही, मेक नाही, डॉट-ओ नाही. एका बटणावर सगळं व्हावं यासाठी लोकांनी अनेक वर्षं खपून अवजारं बनवली, ती चांगलीच गोष्ट आहे. १९८३ मध्ये टर्बो पास्कल आलं तेव्हा त्याचं आकर्षण हेच होतं ना? एडिटर आणि कंपायलर एकाच प्रोग्राममध्ये, कंपाइल थेट मेमरीत, चूक झाली की कर्सर त्याच ओळीवर. त्याआधी एडिटर बंद करा, कंपायलर चालवा, लिंकर चालवा, एररचा आकडा लिहून घ्या, परत एडिटर उघडा असं चाले. मधल्या पायऱ्या लपवल्या म्हणूनच कितीतरी लोक प्रोग्रामिंगकडे वळले. आता त्याच पायऱ्या नवशिक्यांना आधी चढायला लावायच्या, हे मला पटत नाही.

माझं अवजार मात्र सांगते: सोर्स मॅप. वेबवर जाणारा कोड आम्ही लिहिलेला कोड नसतो. शेकडो फाइली एकत्र बांधल्या जातात, नावं एका अक्षराची होतात, सगळं एका लांबलचक ओळीत येतं. वापरकर्त्याकडे काही फुटलं की नोंद येते: ओळ पहिली, रकाना अठ्ठेचाळीस हजार अमुक, 'टी' ला प्रॉपर्टी नाही. यातून काय कळणार? सोर्स मॅप ही बांधलेल्या कोडसोबत तयार होणारी जेसॉन फाइल. बांधलेल्या कोडमधली प्रत्येक जागा मूळच्या कोणत्या फाइलीतली, कितव्या ओळीतली, आणि मूळ नाव काय, हे तिच्यात असतं. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्सना ती मिळाली की ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची जागा) थेट माझ्या टाइपस्क्रिप्टमध्ये लावता येतो.

एकच गोष्ट जपायची. मॅपच्या फाइलीत बहुधा मूळ कोड जसाच्या तसा असतो. तो सगळ्यांना दिसायला नको असेल तर मॅप सार्वजनिक सर्व्हरवर न ठेवता फक्त एरर गोळा करणाऱ्या यंत्रणेला द्यायचा. आणि तो त्याच बिल्डचा हवा. मागच्या बिल्डचा मॅप लावला तर तो बिनचूक वाटणारी पण चुकीची ओळ दाखवतो, आणि त्यापेक्षा मॅप नसलेला बरा.

---

रानवाट

@पानगळ, आपला मतभेद फार मोठा नाही असं वाटतं. बटण काढून टाका असं मी म्हणत नाही, मीही रोज तेच दाबतो. पण तुम्ही स्वतःच लिहिलंत की मॅप कोणत्या बिल्डचा आहे हे बघावं लागतं. म्हणजे बांधणी कशी होते हे तुम्हाला आतून माहीत आहे, म्हणून ती चूक तुम्ही पकडता. नवशिक्याला पहिल्या दिवशी नको, मान्य. पण पहिला मोठा बिघाड येण्याच्या आत हवं.

---

तळटीप

मी मायक्रोकंट्रोलरवर काम करतो. तिथे ऑपरेटिंग सिस्टम नसते, स्क्रीन नसते, आणि 'प्रिंट करून बघू' म्हटलं तर ती अक्षरं सिरीयल पोर्टमधून जायला इतका वेळ लागतो की जो वेळेचा गोंधळ शोधायचा तोच नाहीसा होतो. त्यामुळे चालता प्रोग्राम थांबवून आत बघू देणाऱ्या डीबगरवाचून गत्यंतर नाही.

डीबगर ब्रेकपॉइंटवर थांबतो कसा, हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो. एक्स८६ प्रोसेसरवर डीबगर त्या जागच्या सूचनेचा पहिला बाइट बाजूला काढून तिथे २०४, म्हणजे हेक्समध्ये सीसी, हा बाइट ठेवतो. त्याचा अर्थ 'थांब आणि कळव'. प्रोसेसर तिथे पोचला की नियंत्रण डीबगरकडे येतं. पुढे जायचं म्हटलं की मूळ बाइट परत ठेवून एक पाऊल चालवायचं आणि सापळा पुन्हा लावायचा. म्हणून ब्रेकपॉइंट हवे तेवढे लावता येतात.

माझ्या चिपमध्ये प्रोग्राम फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, असतो, तिथे असा बाइट सहज बदलता येत नाही. मग हार्डवेअरचे ब्रेकपॉइंट वापरायचे, आणि ते मोजकेच. कॉर्टेक्स-एम० या छोट्या प्रोसेसरवर जास्तीत जास्त ४, एम४ वर साधारण ६. चारच असले की माणूस विचार करून लावतो.

पण सगळ्यात जास्त उपयोगाचा प्रकार म्हणजे वॉचपॉइंट, आणि तो तुमच्या डेस्कटॉपवरही आहे. 'या ओळीवर थांब' असं न सांगता 'या मेमरीत कुणीही लिहिलं की थांब' असं सांगायचं. एखाद्या व्हेरिएबलची किंमत कुणीतरी परस्पर बिघडवतंय आणि कोण ते कळत नाही, अशा वेळी कोड वाचून काही हाती लागत नाही, कारण बिघडवणाऱ्या कोडमध्ये त्या व्हेरिएबलचं नावच नसतं. शेजारच्या ॲरेमध्ये एक घर जास्त लिहिलं जात असतं. जीडीबी या डीबगरमध्ये 'वॉच' म्हणा, प्रोग्राम सोडा, नेमक्या त्या ओळीवर येऊन थांबेल. एक्स८६ मध्ये यासाठी चार डीबग रजिस्टर आहेत, म्हणून वेगही जवळपास कमी होत नाही. त्याहून जास्त किंवा फार मोठी जागा सांगितली की जीडीबी एकेक सूचना चालवून तपासायला लागतं आणि प्रोग्राम गोगलगायीच्या गतीला येतो.

आणखी एक, मॅप फाइल. @पानगळ यांची सोर्स मॅप वेगळी, ही लिंकर देतो ती. कोणत्या फंक्शनने किती जागा खाल्ली याचा हिशेब. फ्लॅश भरत आली की लोक आपलाच कोड कातरत बसतात. आधी मॅप उघडा. पुष्कळदा दिसतं की कुठेतरी एका ओळीत दशांश आकडा प्रिंट केलाय आणि त्यापायी आकडे छापणारी अख्खी यंत्रणा आत आली आहे. तो आकडा हजाराने गुणून पूर्णांक म्हणून छापा, कित्येक किलोबाइट मोकळे होतात.

---

निळी शाई

@तळटीप, डीबगर लावला तर बऱ्याच व्हेरिएबलपुढे 'ऑप्टिमाइज्ड आउट' येतं. ते काय?

---

तळटीप

कंपायलरने तो व्हेरिएबल मेमरीत ठेवलाच नाही, किंवा त्याचं काम संपल्यावर त्याचं रजिस्टर दुसऱ्याला दिलं. त्या क्षणी दाखवायला किंमतच नाही. डीबग करताना ऑप्टिमायझेशन शून्यावर ठेवा किंवा 'ओ-जी' पातळी घ्या, ती यासाठीच आहे. आणि 'जी' पर्याय विसरू नका. त्याने ओळी आणि नावांची माहिती फाइलीत येते, प्रोग्राम हळू होत नाही, फाइल मात्र मोठी होते.

मात्र काही बिघाड फक्त ऑप्टिमाइज केलेल्या बिल्डमध्येच येतात. तिथे पुढच्या प्रतिसादकांनी सॅनिटायझरवर लिहावं अशी विनंती.

---

अर्धमात्रा

तर मी लिहिते, कारण माझं रोजचं काम त्यावरच आहे.

सी आणि सी++ मध्ये मेमरीची चूक आणि तिचा परिणाम यांच्यात खूप अंतर असतं. चूक आत्ता होते, प्रोग्राम दहा मिनिटांनी कोसळतो. हे अंतर मिटवणारी अवजारं दोन जातींची आहेत. व्हॅलग्रिंड तुमचा तयार प्रोग्राम घेतं, पुन्हा कंपाइल करावा लागत नाही, पण प्रत्येक सूचना स्वतःच्या देखरेखीखाली चालवतं. वेग वीस-तीस पटीने कमी होतो. ॲड्रेससॅनिटायझर कंपायलरमध्येच बसतं: कंपाइल करतानाच प्रत्येक वाचन-लेखनाआधी तपासणी घालतं. वेग साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे सगळ्या टेस्ट रोज याखाली चालवता येतात. प्रत्येक ८ बाइटसाठी १ बाइटची सावली-नोंद ठेवलेली असते, की यातले किती बाइट हात लावण्याजोगे आहेत. मोकळी केलेली मेमरी लगेच दुसऱ्याला न देता काही काळ बाजूला ठेवली जाते, त्यामुळे 'फ्री'नंतर वापरली तर पकडली जाते. आणि निरोप किती स्पष्ट: मेमरी इथे घेतली, इथे सोडली, इथे वापरली, तिन्ही जागांचे पूर्ण स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारत तिथवर पोचलो ती साखळी.

@तळटीप म्हणतात ते ऑप्टिमाइज केल्यावरच फुटणारे प्रोग्राम, त्यांच्यासाठी अनडिफाइन्ड-बिहेवियर सॅनिटायझर लावा. साइन्ड पूर्णांक ओव्हरफ्लो, म्हणजे धन-ऋण पूर्णांकाने आपली मर्यादा ओलांडणं, हे नेहमीचं उदाहरण. भाषा म्हणते हे घडणारच नाही, कंपायलर ते खरं मानून तुमची तपासणीच उडवून टाकतो. लोक म्हणतात कंपायलरमध्ये बग आहे. जवळजवळ कधीच नसतो.

आणि दुसरं अवजार, ज्याच्याबद्दल बोलताना मला आवरत नाही: गिट बायसेक्ट. गिट कोडमधले बदल नोंदवून ठेवतं, त्यातली एकेक नोंद म्हणजे कमिट. गेल्या महिन्यात चालत होतं, आज चालत नाही, मध्ये हजार कमिट. निम्म्यावर जा, तपासा, चांगलं की वाईट ते सांगा, उरलेल्या भागाच्या निम्म्यावर जा. हजार कमिटमधून दहा-एक तपासण्यांत गुन्हेगार सापडतो. हाताने करायचीही गरज नाही. 'बायसेक्ट रन'ला एक स्क्रिप्ट द्या: ठीक असेल तर शून्य परत करायचं, बिघडलं असेल तर एक, आणि ती कमिट बिल्डच होत नसेल तर १२५, म्हणजे 'हिला वगळ'. लावून जेवायला जा, आल्यावर उत्तर तयार.

पण याची एक अट आहे आणि ती महिनाभर आधी पाळावी लागते. कमिट लहान हव्यात आणि प्रत्येक बिल्ड होणारी हवी. 'आजचं काम' नावाची दोन हजार ओळींची कमिट सापडली तर बायसेक्टने आपलं काम केलं, पण तुमच्या हाती काही लागलं नाही.

---

पानगळ

@अर्धमात्रा, बायसेक्टबद्दल +१. पुढच्या आठवड्यात टीमला दाखवणार.

एक विषय अजून कुणी काढला नाही. कोड लिहून देणारे एआय सहायक. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट आलं तेव्हा ते ओळ पुरी करून देत होतं. आता अख्खा बदल करतात, टेस्ट चालवतात, चुकलं तर स्वतः दुरुस्त करतात. मग कंपायलर, लिंकर, डीबगर शिकायची गरज कमी झाली असं नाही का?

---

कंसमुक्त

मला उलट वाटतं. सहायक सरस ठरतो तो जिथे त्याला पटकन आणि स्पष्ट उत्तर देणारी अवजारं आहेत तिथे. त्याने लिहिलेला कोड टाइप-तपासणीत अडकतो, टेस्टमध्ये पडतो, सॅनिटायझर ओरडतो, त्या ओरडण्यावरून तो सुधारतो. ज्या प्रकल्पात बिल्डला पाऊण तास लागतो आणि टेस्ट कधी पास कधी फेल होतात, तिथे माणूस जसा चाचपडतो तसा तोही चाचपडतो. म्हणजे आपण या धाग्यात जे बोलतोय त्याची किंमत वाढलीच.

एक धोका मात्र नवा आहे. सहायक कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं नाव आत्मविश्वासाने लिहितो, आणि त्या नावाने कुणी दुष्ट पॅकेज चढवून ठेवलं असेल तर इन्स्टॉल करणाऱ्याच्या मशीनवर त्याचा कोड चालतो. नवीन अवलंबित्व येतंय म्हटलं की माणसाने बघायलाच हवं.

---

रानवाट

अवलंबित्वांचा विषय निघालाच आहे तर दोन घटना सांगतो, कारण बिल्ड म्हणजे नुसती सोय नाही हे त्यांतून दिसतं.

मार्च २०१६. एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या साठ्यावर 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज होतं, मजकुराच्या डावीकडे भर घालणारं. लेखकाने एका वादातून आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. बेबलसारखे मोठे प्रकल्प अप्रत्यक्षपणे त्यावर उभे होते, आणि जगभरातले बिल्ड एकाएकी पडले. कुणाच्या कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं. त्यानंतर एनपीएमने पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक केले.

मार्च २०२४. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, सापडलं. ते सापडलं पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला. एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षित शिरायची सोय) लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि व्हॅलग्रिंड विचित्र तक्रारी करतंय, एवढ्यावरून त्याने माग काढला. आता इथे नीट बघा: हल्ला सुरू करणारी ओळ गिटमधल्या कोडमध्ये नव्हतीच. ती फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमधल्या (सोर्सचा बांधलेला गठ्ठा) एका एम४ फाइलीत, म्हणजे कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणाऱ्या साहित्यात होती. बिल्ड चालू झाला की ती टेस्टसाठी ठेवलेल्या बायनरी फाइलींतून लपवलेला कोड काढून लायब्ररीत मिसळायची. गिटमधला कोड ओळीन् ओळ वाचणाऱ्यालाही ती ओळ दिसली नसती. बिल्डची स्क्रिप्ट हाही प्रोग्रामच असतो, आणि तो कोणी वाचत नाही याच भरवशावर हा हल्ला रचला होता.

म्हणून माझा आग्रह: लॉकफाइल, म्हणजे कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती ते नोंदवणारी फाइल, कमिट करा, तिच्यातले हॅश तपासले जातायत ना ते बघा, आणि रिव्ह्यू करताना बिल्डच्या फाइलींतला बदल दिसला तर स्क्रोल करून पुढे जाऊ नका.

---

निळी शाई

कंपायलरवर तरी विश्वास ठेवायचा की नाही मग?

---

कंसमुक्त

हाच प्रश्न युनिक्सच्या जनकांपैकी एक केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात मांडला होता. त्यांनी दाखवलं की कंपायलरमध्ये असा फेरफार करता येतो की तो लॉगिन प्रोग्राममध्ये मागचं दार घालतो, शिवाय कंपायलरचा स्वतःचा शुद्ध कोड कंपाइल करतानाही हाच फेरफार पुन्हा घालतो. सोर्समध्ये काहीच दिसत नाही, बायनरी पिढ्यान् पिढ्या दूषित राहते.

यावर पूर्ण नाही, पण अंशतः व्यवहार्य उतारा आज आहे: रिप्रोड्यूसिबल बिल्ड. तोच सोर्स, तीच अवजारं, वेगळ्या मशीनवर, वेगळ्या माणसाने बांधलं तरी बाइट न् बाइट तेच निघालं पाहिजे. मग कुणा एकाच्या मशीनवर काही घुसवलेलं असेल तर हॅश जुळणार नाही. डेबियन या लिनक्स वितरणाने यावर अनेक वर्षं काम केलंय. अडथळे क्षुल्लक दिसतात पण चिवट असतात: कोडमध्ये 'डेट' मॅक्रोने घातलेली कंपाइलची तारीख, बायनरीत शिरलेला होम डिरेक्टरीचा पत्ता, फाइलींचा क्रम. तारखेसाठी 'सोर्स-डेट-इपॉक' नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरवून दिलंय, ते ठेवलं की अवजारं आजच्या वेळेऐवजी तीच वेळ वापरतात. आपलाच छोटा प्रकल्प दोन वेगळ्या डिरेक्टरींत बांधून हॅश जुळतो का बघा. बहुधा जुळणार नाही. का नाही, ते डिफोस्कोप हे अवजार फोड करून दाखवतं.

---

तळटीप

यात आमच्याकडची एक भर. आमची उपकरणं दहा-पंधरा वर्षं चालतात. इतक्या काळाने एक ओळ दुरुस्त करायची वेळ येते, आणि सोर्स गिटमध्ये सुखरूप असतो, पण तो कंपाइल करणारी आवृत्ती कुठेच मिळत नाही. नव्या कंपायलरने बांधला की वेळेचं गणित बदलतं, फ्लॅशमध्ये मावत नाही, पुन्हा सगळ्या चाचण्या. म्हणून आम्ही प्रत्येक रिलीजसोबत टूलचेनची (कंपायलर, लिंकर वगैरे अवजारांचा संच) इन्स्टॉलर फाइल, तिचा हॅश आणि बिल्डची पूर्ण आज्ञा एकत्र जपतो. कंटेनर इमेज, म्हणजे अवजारांसकट गोठवलेलं सगळं वातावरण, ठेवली तर उत्तमच, पण ती ऑनलाइन रजिस्ट्रीवर सोडून देऊ नका, टार करून स्वतःच्या साठ्यात ठेवा. आणि दर वर्षी एकदा, इंटरनेट बंद करून, त्यातून जुना रिलीज बांधून हॅश जुळवून बघा. पहिल्या खेपेला हमखास काहीतरी बाहेरून ओढलं जात असल्याचं निघतं.

@निळी शाई, कॉलेजच्या प्रकल्पाला इतकं नको. पण रीडमीमध्ये कंपायलरची आवृत्ती आणि बिल्डची आज्ञा लिहून ठेवा, आणि ती आज्ञा मित्राच्या कोऱ्या मशीनवर एकदा चालवून बघा.